सैल पिन

गाडीचा एसी दुरुस्त करणं हे खरं तर दोन माणसांचं काम. एकानं बॉनेटखाली डोकं घालून गॅसचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा बघायचा, दुसऱ्यानं आत सीटवर बसून इंजिन फिरवायचं आणि स्कॅनरच्या पडद्यावरचा दाबाचा आकडा ओरडून सांगायचा. काटा आणि आकडा जुळले, तर गाडीचा सेन्सर खरं बोलतोय. नाही जुळले, तर मध्ये कुणीतरी थापा मारतंय, आणि कोण मारतंय ते हुडकून काढायचं. एकट्यानं हे जमतच नाही असं नाही. एकट्यानं बुद्धिबळही खेळता येतं.

मिस्त्री थंडोबाचं तसंच चाललं होतं, धाकटा भाऊ गेल्यापासून. गेला म्हणजे तसा नव्हे. चांगला ठणठणीत आहे. दुसऱ्या शहरात मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली आणि बायको-मुलांना घेऊन तो तिकडे राहायला गेला. भांडण नाही, तंटा नाही. उलट निघताना भावजय रडली, मुलांनी ‘मोठे काका, तुम्हीपण चला’ म्हणत त्याचा शर्ट ओढला, आणि हा गडी टेम्पोत कपाट नीट बांधलंय की नाही तेवढंच बघत राहिला. तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ. गल्लीनं त्याला थंडोबा म्हणायला सुरुवात केली ती काही नुसत्या एसीच्या धंद्यामुळे नाही.

गॅरेज खाली आणि घर वर. पूर्वी सकाळी न्हाणीघरासाठी रांग लागायची, दारावर थापा पडायच्या, कुणाचा तरी टॉवेल कुणीतरी पळवलेला असायचा. आता सगळं न्हाणीघर त्याचं एकट्याचं होतं. तरी तो अजून पहाटेच उठायचा, आपला नंबर आधी लागावा म्हणून. मग आंघोळ उरकून, कपडे घालून, उजाडायची वाट बघत पलंगावर बसून राहायचा. आणि खाली काम करताना बॉनेटखालून सवयीनं ओरडायचा, “किती?” उत्तर यायचं नाही. मग फडक्याला हात पुसत, गाडीला वळसा घालून, स्वतःच जाऊन बघायचा. तोवर आकडा बदललेला असायचा.

अशात एके दुपारी सिस्टर आल्या.

त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. सगळी हयात इस्पितळात नर्स म्हणून काढलेली, आता निवृत्त. लग्न केलं नाही. जवळचं म्हणावं अशी एक थोरली बहीण, तीही परगावी. पांढरी छोटी गाडी स्वतः चालवायच्या, आणि अशा ताठ बसून चालवायच्या की जणू मागच्या सीटवर पेशंट झोपलेला आहे. तक्रार अशी की एसी झकास थंड करतो, आणि मध्येच अचानक गरम वारा सोडायला लागतो. पुन्हा मनात आलं की थंड.

“दोन ठिकाणी दाखवली,” सिस्टर म्हणाल्या. “दोघांनी गॅस भरला.”

थंडोबानं कपाळाला हात लावला. गॅस भरणं ही या धंद्यातली सगळ्यात लाडकी पळवाट आहे. बिघाड कुठलाही असो, गॅस भरा आणि गिऱ्हाइकाला वाटेला लावा. पोटात दुखतंय, सलाईन लावा. पाय मोडलाय, सलाईन लावा. त्यानं गेजच्या नळ्या जोडल्या, जादा भरलेला गॅस आधी काढून घेतला आणि दाब योग्य जागी आणला. आता इंजिन चालू करून बघायचं होतं. स्कॅनरची वायर स्टिअरिंगखाली जोडायची, आणि ती बॉनेटपर्यंत पुरत नाही. त्यानं एकदा आत बघितलं, एकदा बाहेर, आणि आपल्याही नकळत विचारून बसला, “सिस्टर, जरा आकडे वाचाल का?”

सिस्टर लगेच सीटवर बसल्या, चष्मा लावला. “वरचा सांगू की खालचा?”

“एकच आहे. गाडीचा सेन्सर फक्त वरचा दाब मोजतो.”

“खालचा मोजतच नाही? मग डॉक्टर बदला म्हणावं गाडीला.”

थंडोबा हसला. बॉनेटखाली होता म्हणून कुणाला दिसलं नाही, पण हसला. मग त्यानं खालून विचारलं, “किती?” आणि आतून खणखणीत उत्तर आलं. एवढ्या वर्षांच्या वॉर्डातला आवाज तो, कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत पोचणारा. काटा आणि आकडा जुळत होते. दोघांनी वाट पाहिली. इंजिनचा वेग वाढवला, कमी केला. आणि एकदम सिस्टर ओरडल्या, “शून्य! मिस्त्री, पेशंट गेला!”

गेजचा काटा मात्र जागच्या जागी. म्हणजे दाब भरपूर होता, पण गाडीला वाटत होतं की गॅस संपला, आणि कॉम्प्रेसर जळू नये म्हणून ती तो बंद करत होती. गाडीचं चुकत नव्हतं. तिला जे सांगितलं गेलं त्यावर तिनं बिचारीनं विश्वास ठेवला होता.

थंडोबाला पहिला संशय सेन्सरचा आला. त्यानं दुसरा सेन्सर लावून बघितला. आकडा तसाच पडला. मग मीटर घेऊन सेन्सरच्या तिन्ही वायरी तपासल्या, करंट येत होता. शेवटी त्यानं वायरीच्या टोकाचा प्लग दोन बोटांत धरून हळूच हलवला.

“आला! गेला! आला!” आतून सिस्टर लहान मुलीसारख्या ओरडत होत्या.

सापडलं. प्लगच्या आतली एक पिन सैल झाली होती. खड्ड्यात गाडी आदळली की ती टेकेनाशी व्हायची, पुन्हा आदळली की टेकायची. बारीक टोच्या आत घालून पिन जराशी दाबली की काम फत्ते. एखाद्याचा चहा गार व्हायच्या आत झालं असतं.

पण चहाच आड आला. सिस्टरनी तोवर पिशवीतून थर्मास काढला होता, झाकणात चहा ओतून तो त्याच्यापुढे धरला होता. “मजा आली हो,” त्या म्हणाल्या. “किती दिवसांनी कुणीतरी मला आकडा विचारला.” आणि मग एका पेशंटची गोष्ट सांगायला लागल्या, जो नाडी बघताना स्वतःच मोठ्यानं मोजायचा आणि मध्येच आकडा चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायचा. थंडोबा झाकण हातात धरून ऐकत उभा राहिला. गॅरेजमध्ये दुसऱ्या माणसाचा आवाज इतका वेळ कधी टिकला होता, हे त्याला आठवेना.

गोष्ट संपली आणि सिस्टरनी विचारलं, “मग? काय निघालं?”

आता इथे या माणसाची जीभ कशी वळली, ते त्यालाच ठाऊक. आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोललेला नाही. जुना पार्ट नवा म्हणून खपवला नाही, न केलेलं काम केलं म्हणून सांगितलं नाही. आणि तो म्हणाला, “सिस्टर, हे एका दिवसात कळत नाही. लक्ष ठेवावं लागेल. पुढच्या आठवड्यात परत आणा.”

प्लग तेवढा त्यानं बोटानं आत दाबून दिला. चार-आठ दिवस टिकेल इतका.

पुढच्या आठवड्यात सिस्टर आल्या. त्याच्या पुढच्याही आठवड्यात आल्या. गाडी बिघडली की यायच्याच; एकदा तर म्हणाल्या, “आज बरी आहे तशी, पण म्हटलं जाता जाता दाखवून जावं.” थंडोबाला त्यातलं काही उमगलं नाही. त्याचं सगळं लक्ष पिनेवर. दर वेळी नळ्या जोडायचा, सिस्टर चष्मा लावून आकडे वाचायच्या, त्याच्या गेजच्या आकड्याला ‘रिपोर्ट’ म्हणायच्या आणि गेज फडक्यानं पुसून ठेवत नाही म्हणून त्याला झापायच्या. तो झापून घ्यायचा. मग चहा. पैसे तो घेत नव्हता. सिस्टरनी पर्स काढली की ‘काम पूर्ण झाल्यावर बघू’ म्हणायचा, आणि पैसे घेत नाही म्हणजे ही काही फसवणूक नव्हे, अशी त्यानं आपली सोयीची समजूत करून घेतली होती. माणूस स्वतःला पटवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील जगात दुसरा नाही.

आणि खरं सांगायचं तर तो सुखात होता. सिस्टर यायच्या त्या दिवशी सकाळीच गॅरेज झाडून काढायचा. एक स्टूल रंगवून ठेवलं होतं त्यानं, निळ्या रंगानं. भावाचा फोन आला की ‘दादा, एकटा किती दिवस राहणार, इकडे ये’ हे पालुपद ऐकून पूर्वी तो हूं हूं करायचा, आता म्हणायला लागला होता, “अरे, इथे कामं फार आहेत.”

मग एके दिवशी सिस्टर वेगळीच बातमी घेऊन आल्या. थोरल्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं. इस्पितळातून सोडणार होते आणि सिस्टर तिला कायमचं आपल्या घरी आणणार होत्या.

“परवा आणायला जातेय,” त्या म्हणाल्या. “लांबचा रस्ता आहे. ताईला उकाडा अजिबात सोसत नाही, आणि आता तर अंगात त्राणच नाहीत तिच्या. एसी टिकेल ना हो?”

थंडोबानं बॉनेट उघडलं. टोच्या हातात घेतला. पिन समोर होती. आणि त्याच्या मनात आलं, ही आता पक्की केली, की संपलं. गाडी नीट, घरी बहीण सोबतीला. सिस्टर इथे कशाला येतील? निळ्या स्टुलावर धूळ बसेल. आपण पुन्हा ‘किती?’ म्हणून ओरडू आणि आपणच उठून बघायला जाऊ. एकदा ताईंना आणू दे, त्यानं स्वतःला सांगितलं, मग करून टाकू. एवढ्यानं काय होतंय. त्यानं टोच्या खिशात ठेवला आणि प्लग अंगठ्यानं दाबला, नेहमीपेक्षा जास्त जोर लावून.

“टिकेल,” तो म्हणाला.

सिस्टर निघाल्या तो दिवस त्यानं कसा काढला ते विचारू नका. ऊन असं तापलं होतं की गॅरेजच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. दोनदा त्यानं सिस्टरना फोन लावायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला. काय सांगणार होता? गाडी बाजूला घ्या आणि मी खोटं बोललो? संध्याकाळी फोन आला नाही तेव्हा त्याला वाटलं, सगळं ठीक झालं असेल. दुसऱ्या दिवशीही वाटलं. माणसाला काय, वाटतच असतं.

त्यानंतर सिस्टर आल्या त्या थर्मास न घेता.

गाडीतून उतरल्या आणि स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या. आवाज चढवला नाही. वॉर्डात ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला सांगतात तसं एकेक सांगितलं. परतताना अर्ध्या वाटेवर पुलाचं काम चालू होतं. गाड्यांची रांग लागली, पुढे ना मागे हलता येईना, आणि नेमका तिथे एसी गेला. काचा उघडल्या तर बाहेरून धूळ आणि झळा. ताईंचे ओठ पांढरे पडले आणि मान कलली.

“नाडी हाताला लागेना माझ्या,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या! इतकी वर्षं नाड्या बघितल्या मी. आणि स्वतःच्या बहिणीचं मनगट धरलं तर माझाच हात थरथरतोय. एका ट्रकवाल्यानं तिला उचलून ट्रकच्या सावलीत ठेवलं, डोक्यावर पाणी ओतलं. तेव्हा कुठे डोळे उघडले तिनं.”

“आता कशा आहेत?” थंडोबानं विचारलं.

“आहे. झोपून आहे. शेजारीण बसलीये तिच्याजवळ.” सिस्टरनी गाडीची चावी त्याच्यापुढे धरली. “सेन्सर बदला, वायरी बदला, काय हवं ते बदला. खर्चाचं बघू नका. पण आज मला ही पक्की करून पाहिजे.”

थंडोबानं टोच्या उचलला. तो बॉनेटकडे गेला. प्लग काढला, टोच्या आत घातला, पिन दाबली. प्लग पुन्हा बसवला, ओढून बघितला, त्याला पट्टी आवळली. सिस्टर शेजारी येऊन बघत होत्या. त्यानं बॉनेट खाली घेतलं.

“झालं?” सिस्टर म्हणाल्या.

“झालं.”

“एवढंच होतं?”

“एवढंच होतं.”

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. माणूस दुखणं लपवतोय की नाही, हे ओळखण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यासमोर हा उभा होता. “हे तुम्हाला कधी कळलं?”

‘आत्ता’ म्हटलं असतं तर निभावलं असतं. पुरावा काहीच नव्हता. पिन काही बोलणार नव्हती. थंडोबाच्या ओठांवर तो शब्द आलाही, आणि त्याला एकाएकी स्वतःची किळस आली.

“पहिल्याच दिवशी,” तो म्हणाला. “तुम्ही चहा दिलात त्याच्या आधीच.”

रस्त्यावरून एक सायकल गेली. त्याला वाटलं, आता थोबाडीत बसेल, आणि बसली असती तर बरंच झालं असतं.

“वॉर्डात असे पेशंट असायचे,” शेवटी त्या म्हणाल्या. “घरी कुणी नसलेले. डिस्चार्जच्या दिवशी नेमकं त्यांच्या पोटात दुखायला लागायचं. आम्हाला कळायचं हो, सगळ्यांना कळायचं. डॉक्टर चिडायचे. मी नाही कधी चिडले. उलट एखादा दिवस ठेवून घ्या म्हणायची.” त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. “पण ते स्वतःचं पोट दुखवायचे, मिस्त्री. दुसऱ्याच्या जिवाशी नाही खेळले.”

थंडोबा खाली मान घालून उभा.

“आणि कशासाठी? तोंडानं सांगायचं ना. ‘सिस्टर, येत जा, बरं वाटतं.’ मी आले असते. गाडी धडधाकट असतानासुद्धा येतच होते की मी! का येत होते? मला काय हौस होती या तेलकट जागेची?”

त्या गाडीत बसल्या. एसी लावला, हात जाळीपुढे धरून बघितला, आणि निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस थंडोबानं काम केलं, म्हणजे हातांनी केलं. नळ्या जोडल्या, वळसे घातले, आकडे बघितले. त्या एका वाक्यानं त्याला धरून ठेवलं होतं: मी आले असते. इतकं सोपं होतं? भाऊ निघाला तेव्हाही इतकंच सोपं होतं का? ‘जाऊ नकोस’ म्हटलं असतं तर कदाचित तो थांबला नसता, पण निदान त्याला कळलं तरी असतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आपण आजवर कुणाकडे काही मागितलंच नाही हे उमगावं, आणि तेही असं तोंड काळं करून घेतल्यावर! हसावं की रडावं? तो रडला. भरदुपारी, हातात पाना धरून, कुणा एका दुधवाल्याच्या गाडीशेजारी उभं राहून रडला. मग त्यानं हात पुसले आणि फोन लावला.

“गाडी व्यवस्थित चालतेय,” सिस्टर पलीकडून कोरडेपणानं म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“मग काय बिघडलंय?”

“काही नाही,” थंडोबा म्हणाला. शब्द जड झाले होते, पण त्यानं ते ढकलले. “काहीच बिघडलेलं नाही. मला एकट्याला करमत नाही, सिस्टर. भाऊ गेल्यापासून करमत नाही. तुम्ही यायचात तेव्हा बरं वाटायचं. एवढंच सांगायचं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं.”

पलीकडून एक म्हातारा, थकलेला आवाज लांबून आला, “कोण आहे गं?”

“तो मेकॅनिक, ताई.”

“तोच का?”

“तोच.”

थंडोबा फोन कानाला घट्ट लावून उभा राहिला.

“मी येणार नाही,” सिस्टर म्हणाल्या. “ताईला सोडून मला हलता येत नाही, आणि माझा राग अजून गेलेला नाही. तुम्ही इकडे या. जे मला सांगितलंत ते तिच्यासमोर उभं राहून सांगा. पुढचं पुढे.”

दिवसाढवळ्या गॅरेजचं शटर कधी खाली आलं नव्हतं. भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा नाही. त्यानं ते ओढलं. शेजारच्या टायरवाल्यानं विचारलं, “काय रे थंडोबा, कुठे आग लागली?” हा उत्तर न देता चालू लागला. पाण्याच्या टाकीमागची सिस्टरची गल्ली त्याला माहीत होती. गेल्या काही दिवसांत कितीदा तरी तिच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरला होता.

दार सिस्टरनी उघडलं आणि त्या बाजूला झाल्या. आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते, पंखा हळू फिरत होता. पलंगावर उशांना टेकून ताई बसल्या होत्या, सिस्टरसारखंच नाक, पण चेहरा वाळून गेलेला. त्यांनी थंडोबाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. खोलीत एक खुर्ची होती. बसा असं कुणी म्हणालं नाही. तो उभाच राहिला, आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगायला लागला.